सासूबाईंचा मका उगवतो, मग माझा स्वीटकॉर्न का कुजतो?

नागपूरच्या मनीषनगर भागातल्या एका वाचक ताईंनी मुलाला आवडतो म्हणून गच्चीवर बारा ग्रो बॅगांमध्ये स्वीटकॉर्न लावायचं ठरवलं. कॉटन मार्केटकडून बियाण्याचं लहान पाकीट आणलं. सासूबाई छिंदवाड्याकडल्या सौंसरच्या, म्हणजे मक्याच्याच मुलखातल्या. त्यांच्या सांगण्यावरून बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, नाताळच्या सुट्टीत टोकलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पंधरवड्यात तीन रोपं दिसली, त्यातलंही एक वाकडंतिकडं. मग बाजारातून आणलेल्या कणसाचे दाणे उन्हात वाळवून लावले, त्यातलं एकही वर आलं नाही. पती म्हणतात, बियाणं बोगस आहे, दुकानदाराला जाब विचारू. सासूबाई म्हणतात, "तुझ्या हातालाच गुण नाही." रिकाम्या बॅगांत आता त्या माहेरचा गावरान मका लावायच्या बेतात आहेत. ताई विचारतात, दुसऱ्या कंपनीचं बी आणून पुन्हा करून बघू, की नाद सोडू?

ताई,

आधी हाताच्या गुणाचं मिटवू. तुम्ही लिहिलंय त्यात तुमचा हात कुठंच अडकत नाही. दुकानदार दोषी आहे असंही पत्रावरून म्हणता येत नाही. ते कसं तपासायचं ते पुढे सांगते. आणि सासूबाईंनी खोटं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मक्याला त्यांची रीत बरोबरच आहे. घोटाळा एवढाच झालाय की तुम्ही तिघांनीही स्वीटकॉर्नला पेरणीपुरता मकाच समजलात.

पाकिटात दोन-चार बिया उरल्या असतील तर एक बी सासूबाईंच्या गावरान दाण्याशेजारी ताटलीत ठेवा. गावरान दाणा टपोरा, गुळगुळीत, नख रुतणार नाही इतका टणक. स्वीटकॉर्नचं बी चपटं, सुरकुतलेलं, हातात घेतलं तर वजनच लागत नाही. अनेकजण ते बघूनच "किडकं दिलं" म्हणून पाकीट परत करायला निघतात. पण ते तसंच असतं. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होतो आणि दाणा भरून निघतो. स्वीटकॉर्नमध्ये जनुकातल्या फरकामुळे ही साखर पुरती स्टार्चमध्ये बदलतच नाही. म्हणून तर कोवळं कणीस गोड लागतं, आणि म्हणूनच पिकून वाळल्यावर दाणा आत बसतो. जो स्टार्च साठायला हवा होता तीच रोपाची वाटेवरची शिदोरी. गावरान मका भरल्या शिदोरीनं निघतो, स्वीटकॉर्न जेमतेम दोन घासांवर. मातीच्या वर येऊन पहिलं पान उन्हाला लागेपर्यंत त्याला तेवढ्यावरच भागवायचं असतं.

त्यातही प्रकार आहेत. जुन्या धाटणीचे स्वीटकॉर्न बऱ्यापैकी सोशिक असतात. अतिगोड प्रकार मात्र नाजूक. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी १९५३ साली मक्यातल्या 'श्रंकन-२' या जनुकाबद्दल लिहिलं आणि पुढे त्यातून अतिगोड वाण निघाले. हे वाण तोडल्यानंतरही बरेच दिवस गोड राहतात, म्हणून बाजारात त्यांना मागणी. त्याची किंमत बियाणं मोजतं: साठा आणखी कमी, साल पातळ आणि ठिसूळ.

अशा बियाला रात्रभर पाण्यात ठेवलं की काय होतं? गावरान दाणा पाणी सावकाश पितो, त्याला बारा तास मानवतात, उलट उगवण दोन दिवस आधी होते. स्वीटकॉर्नचं सुकलेलं बी मात्र भसाभस पाणी ओढतं. आतल्या पेशींची आवरणं अजून सावरलेली नसतात, ती फाटतात आणि आतली साखर बाहेर पाझरते. सकाळी भांड्यातलं पाणी किंचित चिकट, गढूळ झालेलं तुम्हाला आठवत असेल. ती तुमच्या रोपांची शिदोरीच होती. शिवाय साठलेल्या पाण्यात बियाला हवा मिळत नाही. असं गुदमरलेलं, साखर पाझरणारं बी ओल्या मातीत गेलं की बुरशीला आयतं जेवण. पाकिटातलं बी गुलाबी किंवा हिरवट रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते कशासाठी, तर नेमकं यासाठीच, आणि भिजवताना तेही तुम्ही धुऊन टाकलं.

म्हणून पहिली गोष्ट: स्वीटकॉर्न भिजवू नका. कोरडं बी, ओलसर मातीत. फारच राहवत नसेल तर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात सहा-आठ तास गुंडाळून ठेवा, म्हणजे ते ओल हळूहळू घेईल. पण खरं विचाराल तर त्याचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट थंडी. नागपूरकर माणूस उन्हाळ्याला इतका धास्तावलेला असतो की थंडीला तो धरतच नाही. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा सहज दहा-बारावर येतो, कधी त्याच्याही खाली. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर तो ३.५ अंशांवर गेला होता. जमिनीत दिवसाची ऊब रात्री थोडी तरी टिकते. गच्चीवरची बॅग मात्र चारी बाजूंनी उघडी, खाली गार स्लॅब. पहाटे तिच्यातली माती हवेइतकीच थंड होते. जुन्या प्रकारच्या स्वीटकॉर्नला उगवायला मातीत निदान बारा-तेरा अंश लागतात, अतिगोडाला सोळाच्या वर, आणि पंचवीस ते तीस असेल तर दोघंही खुशीत चार-सहा दिवसांत वर येतात. तुमचं बी भिजून फुगलेलं, त्यात गार मातीत पडलेलं, वर सकाळ-संध्याकाळ टाकीचं थंड पाणी. तीन रोपं आली हेच मला नवल वाटतं.

आता पुढचं काही ठरवण्याआधी एक काम करा, यात कुणाचं ऐकायचं नाही. ज्या बॅगांत काही आलेलं नाही, त्यातल्या तीन-चार बॅगांमध्ये जिथं टोकलं होतं तिथं बोटानं हलकेच उकरा आणि बी शोधा. मेलेलं बी खूप काही सांगतं. बोटात धरून दाबल्यावर पिचकलं, आतून पांढरट-करडा लगदा आला आणि आंबूस वास आला, तर ते पाण्यानं आणि थंडीनं कुजलं. माझा अंदाज हाच आहे. जसं टाकलं तसंच टणक असेल तर त्याला ओलच पोचलेली नाही. नुसतं साल उरलंय आणि आत पोकळ असेल तर मुंग्यांनी काम उरकलं. बीच सापडलं नाही आणि वरची माती विस्कटलेली असेल तर कबूतर नाहीतर खार. आणि मूळ फुटलेलं आहे, कोंबही निघालाय, पण तो मातीखालीच वळून पान तिथंच उलगडलंय, तर बी खोल गेलं किंवा वर कडक पोपडा धरला. तुमचं ते वाकडंतिकडं रोप याच प्रकारातलं दिसतंय. मक्याचा कोंब सुईसारखा सरळ वर येतो. वर वाट मिळाली नाही की बिचारा गुंडाळतो.

तुम्ही बॅगा कशानं भरल्या ते लिहिलेलं नाही. आपल्याकडे बहुतेकजण कुठून तरी पोतंभर काळी माती आणतात. काळी माती शेतात सोनं असेल, बॅगेत ती पाणी धरून बसते, चिखल होतो, आणि ऊन लागलं की वरचा थर सिमेंटसारखा आवळतो. अर्धी माती, पाव भाग रेती आणि पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, असं मिसळा. शेणखत ताजं असेल तर ते बॅगेतच तापतं, बी भाजून निघतं. रोपं ट्रेमध्ये करायची असतील तर कोकोपीट चालेल, पण ते भिजवून मुठीत घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर पिळून घ्या.

बाजारातल्या कणसाचं मात्र सोडूनच द्या. आपण खातो ते कणीस दुधाळ अवस्थेत तोडलेलं असतं, शेंड्याला तुरा आणि कणसाला केस आल्यानंतर साधारण तीन आठवड्यांत. तेव्हा दाण्यातला अंकुर पुरता तयारच झालेला नसतो. त्याला झाडावरच वाळू दिलं असतं तर कदाचित उगवला असता, पण बाजारातला स्वीटकॉर्न जवळपास सगळा संकरित, त्याच्या पुढच्या पिढीत गोडी आणि आकार दोन्ही भरकटतात. घरचं बी धरायची हौस असेल तर 'माधुरी' किंवा 'प्रिया' यांसारखे संमिश्र वाण मिळतात का बघा. त्यांचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं.

मग दुकानदाराचं काय? तुमच्या अहोंचा राग समजतो, पण जाब विचारायला जाण्याआधी पाकीट शोधा. त्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, कधीपर्यंत वैध आणि किमान उगवणक्षमता छापलेली असते. वैधता उलटून गेलेलं पाकीट तुमच्या हातात ठेवलं असेल तर अहोंचं बरोबर आहे, पावती घेऊन जा. तारीख ठीक असेल तर मात्र नुसतं "उगवलं नाही" म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण तो विचारणार, भिजवलं होतं का, केव्हा लावलं, आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघाल.

त्यापेक्षा चाचणी करा. यापुढे कुठलंही पाकीट आणलं की आधी हेच करायचं. वीस बिया मोजून घ्या. ओल्या करून पिळलेल्या टिश्यूवर किंवा जुन्या सुती कापडावर ओळीत मांडा, गुंडाळी करा, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड अर्धवट उघडं ठेवून घरातल्या उबदार जागी ठेवा. स्वयंपाकघरात ओट्याचा कोपरा चालतो, गॅसच्या अगदी शेजारी नको. चौथ्या दिवशी उघडून बघा, सातव्या दिवशी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत त्याच बिया धरायच्या; नुसतं मूळ डोकावलेली धरायची नाही. वीसपैकी पंधरा-सोळा आल्या तर बी चांगलं. अकरा-बारा आल्या तर एका जागी दोन दोन टोका. पाच-सहाच आल्या तर अहोंना खुशाल दुकानात पाठवा, आता हातात पुरावा आहे. उगवलेल्या बिया फेकू नका, मूळ न मोडता बॅगेत लावून टाका.

एक लक्षात असू द्या की ही चाचणी लाडात होते. गार, ओल्या मातीत आकडा याहून खालीच येणार. आणि स्वीटकॉर्नचं बी फार टिकत नाही. गावरान मक्याचं कणीस चुलीवरच्या धुरात टांगून दोन-तीन वर्षं चालतं. हे बी शक्यतो त्याच हंगामात वापरायचं. नागपूरचा एक उन्हाळा पत्र्याच्या छपराखाली काढलेलं पाकीट तारखेनं वैध असलं तरी दमलेलं असू शकतं. म्हणून सप्टेंबरात घेताना मे महिन्याआधीचा साठा टाळता आला तर टाळा.

आता मुख्य प्रश्न: पुन्हा करायचं का, आणि कधी? दोन वाटा आहेत.

आत्ताच करायचं असेल तर घाई हवी, कारण पुढे उन्हाळा उभा आहे. स्वीटकॉर्नला लावल्यापासून साधारण दीड महिन्याच्या पुढेमागे तुरा येतो. तुरा एप्रिलच्या चाळीस अंशांत सापडला की परागकण सुकतात, कणीस दिसायला भरघोस आणि सोलल्यावर आत निम्मे दाणे गायब. जानेवारीच्या या शेवटच्या दहा-बारा दिवसांत लावलं तर तुरा मार्चच्या मध्यात येईल आणि एप्रिलच्या सुरुवातीला कणसं हाताशी. पण गच्चीवर थेट टोकू नका. कागदाच्या कपात किंवा वर्तमानपत्राच्या नळकांड्यात घरात रोपं करा. दिवसा दक्षिणेच्या खिडकीत, रात्री खोक्यात झाकून. मक्याला मुळं दुखावलेली आवडत नाहीत, म्हणून दोन-तीन पानं आली की, म्हणजे दहा-बारा दिवसांत, कपाचा तळ फाडून कपासकट बॅगेत बसवा. फार वाढवत बसलात तर रोप बसून जातं.

दुसरी वाट जून-जुलैची. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, माती गार न होता ओलावली की बी टोका. फुटाळा तलावावर भुट्ट्याच्या शेगड्या लागतात त्या दिवसांत तुमची रोपं गुडघाभर होतील. उगवणीसाठी हाच नागपुरातला सगळ्यात सोपा हंगाम. तेव्हा धोका फक्त तुंबलेल्या पाण्याचा, बॅगेची भोकं मोकळी ठेवली की झालं. तिसरा हंगाम ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात. मलाच विचाराल तर आत्ता सहा बॅगांपुरती रोपं करा, बाकी सहा जूनसाठी ठेवा. मुलाची वार्षिक परीक्षा संपता संपता कणीस मिळालं तर बरंच, नाही मिळालं तर पावसाळा आहेच.

टोकायची रीत थोडक्यात: आदल्या दिवशी बॅगेला भरपूर पाणी देऊन निथळू द्या. दुसऱ्या दिवशी माती हाताला ओलसर लागेल पण चिकटणार नाही, म्हणजे सासूबाई ज्याला वापसा म्हणतात तो आला, की एक इंच खोल बी टाका. रेताड मिश्रणात दीड इंच चालेल, त्याहून खोल नको. वर मुठीभर रेती-गांडूळखताचं मिश्रण पसरा, पोपडा धरत नाही. मग कोंब दिसेपर्यंत पाणी बंद. वरचा थर अगदीच सुकला तर झारीनं शिंपडा. कोंब दिसेपर्यंत हात आवरणं हेच यातलं अवघड काम आहे, कारण पाणी घातलं की आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटतं.

शेतात लावणाऱ्या वाचकांसाठीही हेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. भारी काळ्या जमिनीत कोरड्यात टोकून मागून पाट सोडला की बी बुडतं आणि वर पोपडा धरतो. आधी ओलवणी करा, वापसा येऊ द्या, मग सरीच्या बगलेला टोका आणि उगवण पुरी होईपर्यंत पाणी लावू नका. तुटाळ पडलीच, म्हणजे मध्ये जागा रिकाम्या राहिल्याच, तर आठ दिवसांच्या आत नांगी भरा, म्हणजे तिथं पुन्हा लावा, त्यानंतर भरलेली रोपं शेजाऱ्यांच्या सावलीत दबतात. उगवल्यावर पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, लष्करी अळी बघत राहायचं हे वेगळं सांगायला नको.

रंग लावलेलं बी हाताळलं की हात धुवा. उरलेलं बी पाखरांना किंवा गच्चीवरच्या कबुतरांना टाकू नका, ते विषारी असतं. कबुतरांसाठी पहिले दहा दिवस बॅगांवर जुनी मच्छरदाणी ताणून बांधली तरी पुरते. बॅगा कठड्याच्या कडेनं एका ओळीत मांडू नका, चार-चारच्या चौकोनात एकत्र ठेवा, एका बॅगेत दोन रोपं. मक्याचं परागीभवन वाऱ्यावर होतं. एका ओळीतली रोपं उगवतात छान आणि कणसं मात्र दात पडल्यासारखी येतात.

राहता राहिला सासूबाईंचा गावरान मका. त्यांना नको म्हणू नका, त्या मातीची ओल बोटानं ओळखणाऱ्या दिसतात आणि वापसा कधी आला हे तुम्हाला त्यांनाच विचारायचंय. पण दोन्ही एकाच वेळी फुलोऱ्यावर आले तर गावरानचा पराग स्वीटकॉर्नच्या केसांवर पडणार आणि त्याच कणसातले दाणे पिठूळ होणार, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. छोट्या गच्चीवर अंतर ठेवून उपयोग नाही, वेळेचंच अंतर ठेवावं लागतं. तेव्हा आत्ता स्वीटकॉर्न लावू द्या आणि गावरानला निदान तीन आठवड्यांनी, शक्यतो जूनमध्येच बॅगा द्या, असं त्यांना सांगा. कारण मात्र खरं तेच सांगा. छिंदवाड्याकडच्या माणसाला मक्याचा तुरा आणि केस यांचा संबंध तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. जूनमध्ये त्या गावरान लावणार असतील तर तुमचा पावसाळी स्वीटकॉर्न जुलैच्या मध्यावर ढकला.